भावाच्या ट्रकचं इंजिन

ट्रकचं इंजिन मी काढलं तेव्हा धाकटा भाऊ आईला घेऊन राधानगरीला मावशीकडे गेला होता. मावसबहिणीचं लग्न होतं. चार दिवस ती दोघं परतणार नव्हती आणि मला तेवढे दिवस पुरणार होते.

ट्रक रिमोटवर चालणारा. हातभर लांब, जवळजवळ वीतभर उंच चाकं, दगडधोंड्यांतनं, ढेकळांतनं उड्या मारत पळणारा. मावसभाऊ दुबईला असतो, त्यानं हौसेनं घेतला होता. इंजिन जाम झाल्यावर एका सुट्टीत तो आमच्याकडे आणून टाकला. भाऊ कोल्हापुरात, उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. त्यानं ते लिंबाएवढं इंजिन उघडलं, आतला झिजलेला बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, स्वतः बनवून बसवला आणि महिन्याभरात ट्रक चालू केला.

भावाला ऐकू येत नाही. शाळेत जायच्या आधीच एका तापात त्याचे कान गेले. त्यामुळं त्याचं इंजिन लावणं बघायला लोक थांबायचे. दोरी ओढून इंजिन सुरू करायचा, ट्रकच्या पाठीवर तळहात ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं तेल कमी-जास्त करायचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवायचा. तळहाताला बरोबर लागलं की थांबायचा. मग जिभेला बोट लावून ते इंजिनाच्या डोक्याला टेकवायचा. थुंकी किती पटकन उडते त्यावरनं गरम किती झालंय ते त्याला कळायचं. मी इंजिनिअर. पुण्यात गाड्यांच्या कंपनीत नोकरीला. मला मीटर लावूनसुद्धा ते इतकं नेमकं जमलं नसतं.

पण त्या इंजिनाचा आवाज भयंकर होता. लाकूड कापायच्या मशीनसारखा. घरामागच्या मोकळ्या जागेत भाऊ ट्रक पळवायला लागला की आमच्या शेजारचे रिटायर झालेले गुरुजी खिडक्या आपटून बंद करायचे. शेवटी एका रविवारी ते फाटकाशी आले. मी घरी आलेलो होतो. भाऊ तिथंच पायरीवर बसून ट्रक पुसत होता.

"तुमच्या पोराला ऐकू येत न्हाय, कबूल हाय," गुरुजी वडिलांना म्हणाले. "म्हणून आख्ख्या कॉलनीनं बहिरं व्हायचं का? माझी बायको आजारी हाय. परत आवाज आला तर मी कंप्लेंट करणार."

वडील मान खाली घालून "व्हय गुरुजी, बघतो की" म्हणत राहिले. भावानं मान वर केली, गुरुजींकडं बघून हसला आणि हात जोडून नमस्कार केला. त्याला वाटलं, नेहमीसारखी विचारपूस चाललीय.

ते गेल्यावर त्यानं चष्म्याची खूण केली. आमच्या घरात ती गुरुजींची खूण. मग हात उलटा करून विचारलं, काय म्हणत होते? वडिलांनी हवेत हात झटकला. काही नाही.

मला गुरुजींचा संताप आला होता. वडिलांचाही आला. मी भावासमोर बसून त्याला सगळं सांगायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी वडिलांना आत नेलं.

"त्याला सांगा की, ट्रक लांब नेऊन चालव म्हणून."

"त्येला काय सांगत बसायचं? चिडंल, जेवायचा न्हाय, तुझी आई रडत बसंल. तू शिकलायस न्हवं? तूच काय तरी कर त्या आवाजाचं."

आणि मी केलं. आमच्या घरात कायम असंच होत आलं होतं. शाळा कुठली, नोकरी कुठली, सगळं आम्ही दाराआड ठरवायचो आणि ठरलेलं त्याच्या हातात द्यायचो. ह्या वेळी मी दाराआड राहायच्याही पुढं गेलो.

पुण्यातल्या माझ्या एका मित्राला ह्या रिमोटवरच्या गाड्यांचं वेड होतं. त्यानं परदेशातनं ब्रशलेस मोटर मागवून दिली. जिच्यात घासणारे कार्बन नसतात अशी, मुठीत मावणारी, पण ताकद इंजिनापेक्षा जास्त. तिचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, लिथियमच्या दोन बॅटऱ्या. चार्जर त्याच्याकडं जास्तीचा होता, तो द्यायला तयार होता. त्याच्या बदल्यात त्याला भावाचं इंजिन हवं होतं. मी हो म्हणालो. क्षणभरही मागंपुढं पाहिलं नाही, ह्याची आज लिहितानाही मला चीड येते.

सामान यायला तीन महिने गेले, तोवर वडील गुरुजींना "चाललंय काम" म्हणत राहिले. मग चार दिवस मी मागच्या पडवीत घाम गाळला. इंजिन, तेलाची टाकी, सायलेन्सर, सगळं काढलं. मोटर बसेना, म्हणून चासीच्या, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याच्या, ॲल्युमिनियमच्या पत्र्याला हॅक्सॉनं लांब खाच पाडली. इंजिनाचे दोन्ही पाय जिथं बसायचे तो भाग ग्राइंडरनं उडवला. मोटरच्या दांड्यावर छोटा गिअर घातला, तो मोठ्या गिअरशी जुळेपर्यंत कागदाची पट्टी मध्ये घालून अंतर बघितलं. तिसऱ्या दिवशी मित्र स्वतःच्या गाडीनं आला, काम बघून खूश झाला आणि इंजिन घेऊन गेला. चौथ्या दिवशी ट्रक पळाला. इतका सुसाट की पहिल्याच झटक्याला पुढची चाकं उचलली. आवाज म्हणाल तर शिलाई मशीनपेक्षा कमी. गुरुजींची खिडकी उघडीच राहिली. वडील म्हणाले, "झाक झालं. आता भानगडच न्हाय."

संध्याकाळी भाऊ आला. मी त्याला हात धरून मागं नेलं, ट्रक दाखवला आणि रिमोट दिला. त्यानं ट्रक पळवला, वळवला, परत आणला. मग तो वाकला, चाकं जमिनीवरनं उचलली, मोटर फिरवली आणि ट्रकच्या पाठीवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. नंतर बोट ओलं करून मोटरला लावलं, आणि माझ्याकडं बघून दोरी ओढल्याची खूण केली. इंजिन कुठाय?

मी पुण्याच्या दिशेनं हात केला. दिलं.

त्यानं ट्रक उलटा केला. कापलेली चासी बघितली. खाचेवरनं अंगठा फिरवला. खिशातनं पेन काढून पडवीतल्या कॅलेंडरवर, तारखांच्या डोक्यावरच, लिहिलं : "कुणाला विचारलं?"

मी गुरुजींचं सांगितलं. ओठ सावकाश हलवत, खुणा करत. त्यांची बायको आजारी, कंप्लेंट करणार होते. त्यानं लिहिलं : "कधी?" मी सांगितलं, तीन महिने झाले. तू पायरीवर होतास तेव्हा.

तेव्हा त्याला तो नमस्कार आठवला असणार. त्यानं लिहिलं, पेन कागदातनं आरपार गेलं : "मी हसलो. तुम्ही बघत होता."

मग मलाही राग आला. चार दिवस राबलो, सुट्टी घालवली, पुण्याहून सामान ओढत आणलं, आणि हा एक शब्द चांगला बोलेना. मी ओरडायला लागलो. तुझ्यासाठीच केलं, तुला अक्कल नाही, असलं सगळं. त्यानं डोळे मिटून घेतले. त्याच्याशी भांडणाऱ्याला त्यापुढं करण्यासारखं काही उरत नाही. मी त्याच्या मिटलेल्या डोळ्यांपुढं ओरडत राहिलो, आणि गुरुजींच्या खिडकीत त्यांचा चष्मा दिसायला लागला, तेव्हा कुठं गप्प झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक चिठ्ठी घेऊन गुरुजींच्या दारात जाऊन उभा राहिला. मी मागनं पळत गेलो. गुरुजी मला बघून म्हणाले, "काय म्हणतोय ह्यो?"

"त्याला विचारा," मी म्हणालो. पहिल्यांदाच.

गुरुजींनी चिठ्ठी वाचली. नंतर मी ती पाहिली. "आवाजाचा त्रास होतो तर मला सांगा. वडिलांना नको. मला वाचता येतं." गुरुजींनी पेन मागून खाली लिहिलं. "चार ते पाच मी बायकोला फिरायला नेतो. तेव्हा चालव."

एवढंच होतं ते. एका चिठ्ठीचं काम होतं, आणि मी चासी कापली होती.

पुण्याला आल्यावर त्याचे एसएमएस सुरू झाले. इंग्रजी अक्षरांत मराठी. "इंजिन आण." दुसऱ्या दिवशी, "आणलं का." सलग दीड महिना. मित्रानं ते इंजिन स्वतःच्या रिमोटच्या गाडीत बसवलेलं होतं. मी मागायला गेलो तर म्हणाला, "अरे, व्यवहार झाला आपला. भावाची समजूत काढ ना, लहान आहे का तो?" मी त्याच्याशी भांडलो. घरून मागवून घेतलेला चार्जर त्याच्या टेबलावर ठेवला आणि त्यानं इंजिन काढून देईपर्यंत तिथनं हललो नाही. मैत्री त्यानंतर फारशी राहिली नाही.

इंजिन घेऊन मी कोल्हापूरला गेलो. भावानं ते हातात घेतलं, दांडा फिरवून बघितला, कापडात गुंडाळलं. मी म्हणालो, चासीचा नवा पत्रा मी पुण्याहून करून आणतो. त्यानं माझ्या हातांकडं बोट केलं आणि नाही म्हणून मान हलवली. हे हात ट्रकला नकोत. नवी चासी त्यानं वर्कशॉपमध्ये स्वतः केली. जाड पत्र्याची, पहिलीपेक्षा चांगली. मोटर, कंट्रोलर, बॅटऱ्या एका खोक्यात भरून माझ्या बॅगेशेजारी ठेवल्या.

पुढं मी घरी आलो त्या एका रविवारी चार वाजता त्यानं ट्रक बाहेर काढला. गुरुजी बायकोला धरून फाटकातनं बाहेर पडत होते. त्यांनी भावाला घड्याळ दाखवलं, त्यानं मान हलवली. दोरी ओढली. आवाजानं माझ्या कानठळ्या बसल्या. वडील आतनं ओरडले, "त्येला सांग जरा कमी कर," आणि मी म्हणालो, "बाहेर या आणि तुम्हीच सांगा." ते आले नाहीत.

ट्रक आडवातिडवा धूळ उडवत पळत होता. जरा वेळानं मी पुढं झालो आणि खुणेनं विचारलं, मी चालवू का?

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. नाही म्हणून मान हलवली आणि ट्रकच्या मागनं गेला.