येडगावच्या पाण्यावरचे एकशे चाळीस चांदवे

येडगाव धरणाच्या पाण्यावर मी एकशे चाळीस चांदवे मोजले, आणि ते सगळेच्या सगळे इंजिन ऑइलचे रिकामे डबे होते.

चांदवा म्हणजे कोंबडीपेक्षा थोडा लहान, काळा पाणपक्षी. कपाळावर पांढरा टिक्का. डबेही काळे, बूच पांढरं. जाळं तरंगतं राहावं म्हणून मासे धरणाऱ्यानं ते ओळीनं बांधले होते. पाणी हललं की हलायचे, वारा आला की एका दमात तोंड फिरवायचे. कुणाचीही चूक झाली असती, असं म्हणायची सोय होती. पण डबे माझेच होते. वारूळवाडीत बत्तीस वर्षं मी ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज चालवलं, आता पोरगा चालवतो. तिथले रिकामे डबे पोत्यात भरून त्या मासे धरणाऱ्याला मीच देत आलो होतो. घरची पाखरं मला दुर्बिणीतून ओळखू आली नाहीत.

तरी गप्प बसलो असतो तर भागलं असतं. मी आकडा पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वर काठाजवळच्या एका चांदव्याचा फोटो. ग्रुपमध्ये जुन्नरचे एक निवृत्त गुरुजी आहेत, अतिशय सभ्य माणूस. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, की या पक्ष्याच्या पोटावर १५डब्ल्यू४० असं लिहिलेलं दिसतंय, तर ही उपजात कोणती?

दुपारपर्यंत तो निरोप गॅरेजमध्ये पोचला. गिऱ्हाईक ऑइल बदलायला आलं की पोराला विचारायचं, चांदवा घालतो का. संध्याकाळी पोरानं माझी सायकल साखळीच्या क्रेननं वर घेतली आणि छताच्या अँगलला टांगली.

त्याला चेष्टेचा राग नव्हता, हे मलाही कळत होतं. येडगावच्या वाटेवर दोन्ही अंगाला ऊस आहे आणि आमच्याकडे ऊस म्हणजे बिबट्या. गेल्या महिन्यात आमच्या शेजाऱ्याच्या गोठ्यातून वासरू गेलं, तेही दिवेलागणीला, माणसं ओट्यावर बसलेली असताना. तेव्हापासून घरात माझ्या सायकलीवरून कुरबुर होतीच, आता बायकोच्या हातात पुरावा आला. ती ओरडली नाही. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "उघड्या पाण्यावरचा डबा तुमाला कळंना. उसातलं काय कळणारे?"

मी आवाज चढवला. म्हणालो, मी जाणार.

आमच्याकडे माझ्या वयाच्या माणसांनी फिरायचं कसं, हे ठरलेलं आहे. सकाळी देवळाच्या पटांगणात गोल फिरायचं, पाच फेऱ्या झाल्या की चहा प्यायचा आणि कुणाचं काय झालं ते बोलायचं. मी आठ दिवस केलं. मळणीच्या बैलालासुद्धा तोंडाशी दोन कणसं मिळतात, इथं तेही नाही. आणि मोटरसायकल दारात असताना सायकल मारणारा माणूस गावाला एक तर कंगाल वाटतो, नाही तर बिघडलेला. वाटू दे. बत्तीस वर्षं मी ट्रॅक्टरखाली उताणा पडून काढली. हाताच्या अंतरापलीकडचं काही बघितलं नाही, आणि जे बघितलं ते सगळं बिघडलेलं. पहिल्यांदा येडगावच्या काठावर सायकल टेकवून बसलो तेव्हा समोर एवढं मोठं पाणी, त्यावर पाखरं, आणि त्यात मला दुरुस्त करायला लागेल असं काहीच नव्हतं. घरचे तसल्या सकाळी सोडायला सांगत होते. नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी मी क्रेननं सायकल खाली घेतली. साखळीचा आवाज ऐकून बायको गॅरेजच्या दारात आली. मला वाटलं, आता भांडण. ती म्हणाली, चला, एक तरी खरं पाखरू दाखवा. दाखवलं तर जात जावा, नाही दाखवलं तर सायकल परत वर. मी कबूल केलं. तिनं मोटरसायकल काढायला सांगितली, मी नकार दिला. मग ती पदर खोचून कॅरिअरवर बसली आणि आम्ही अख्ख्या वारूळवाडीतून निघालो. चहाच्या टपरीवर बोलणं थांबलं. मी घंटी वाजवली, गरज नव्हती तरी. पुढं चढाला मला दम लागला, ती उतरली, आणि चालत माझ्या पुढं निघून गेली. ऊस सुरू झाल्यावर मात्र थांबली आणि सायकल आणि कडेचा ऊस यांच्या मधून चालायला लागली. ते मी पाहिलं.

थंडी सरत आली होती, धरणाचं पाणी मागं हटलेलं. उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी हरभरा, कांदा केला होता, आणि त्याच्या खाली पाण्यापर्यंत ओल्या चिखलाचा पट्टा. मी दुर्बीण लावली. या वेळी घाई केली नाही. आधी डब्यांची ओळ शोधली, तिला मनात बाजूला केलं, आणि राहिलेलं बघत बसलो. बऱ्याच वेळानं लव्हाळ्यातून एक काळं बाहेर आलं. कपाळावर पांढरा टिक्का. त्यानं मान खाली घातली आणि बुडी मारली.

"बघ," मी म्हणालो, "डबा बुडी मारतो का?"

तिनं दुर्बीण घेतली, पाखरू वर येईपर्यंत धरली, मग मान हलवली. खरं आहे म्हणाली. मला एवढा आनंद झाला की मी तिला चांदव्याच्या पायांबद्दल सांगायला लागलो. ती ऐकत नव्हती. ती खाली बघत होती.

चिखलात माझ्या सायकलीच्या चाकाची खूण होती, कालची. ओळखायला सोपी, कारण मागच्या टायरला मी पंक्चरचं ठिगळ बाहेरून लावलेलं आहे. त्या खुणेवर, अगदी मधोमध, पंजाचा ठसा उमटला होता. पुढं आणखी एक. मग चाकाच्या कडेकडेनं ओळच होती, मी जिथं बसून चांदवे मोजले त्या दगडापर्यंत.

मी म्हणालो, कुत्र्याचे असतील.

"कुत्र्याची नखं उमटत्यात," ती म्हणाली. "ह्याची नखं आत हायेत. आन चाकाच्या वरनं पाय पडलाय, म्हंजी तुमच्या मागनं आलाय."

मी दगडाकडे पाहिलं. कालच्या सकाळी मी तिथं अर्धा तास पाठमोरा बसलो होतो, एकशे अडतीस, एकशे एकोणचाळीस करत. तो मी असतानाच आला, की मी गेल्यावर, हे चिखलावरून कळत नव्हतं. मी घाबरलो, हे लिहून टाकतो. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. म्हणालो, उद्याही येणार. वनखात्याला ठसा कळवीन, ऊन वर आल्याशिवाय घर सोडणार नाही, उसाकडे तोंड, पाण्याला पाठ करून बसेन, पण येणार. देवळाला फेऱ्या घालत म्हातारा होणार नाही.

शब्द तिनं दिला होता आणि पाखरू मी दाखवलं होतं. ठसा पुढ्यात नसता तर एवढ्यावर मिटलं असतं. तेवढ्यात माझे डबे नेणारा तो मासे धरणारा ट्रकच्या ट्यूबवर बसून काठाला लागला. तिनं त्याला ठसे दाखवले. हे रोज येणार म्हणतात, ऐकत नाहीत, तर आले की मला फोन करा आणि उसाकडं लक्ष ठेवा, असं तिनं त्याला सांगितलं. म्हणजे जायची परवानगी मिळाली होती, फक्त माझ्या हातात न देता त्याच्या हातात दिली होती.

त्यानं उकिडवं बसून ठसे दगडापर्यंत पाहिले आणि पुढं उसाकडे वळलेलेही पाहिले. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"करतो की फोन, वहिनी," तो म्हणाला. "पर तुमी लई काळजी करू नका. एवढ्या जवळ येऊन, नीट बघून माघारी गेलाय. ह्ये खायच्या कामाचं न्हाई, त्यालाबी कळलंय."