हातभर मातीखाली प्रयागबाई

किल्लारीला भूकंप झाला आणि इंदापूरकडच्या आमच्या वाडीतली माणसं बाजा उचलून अंगणात निजायला लागली. प्रयागबाई तेवढी आत. नवरा गेणू अर्धांगवायूनं पडलेला, आणि त्याचा हेका भारी! “उघड्यावर मढं ठेवत्यात. मी न्हाय जायाचा.” मग बाई त्याच्या उशाशी बसून वरच्या सागवानी तुळयांकडं बघत राहायची. पळायचं म्हटलं तरी पळणार कुठं?

भीती मातीची होती. पावसाआधी माळवदावर, तुळयांवरच्या सपाट मातीच्या छतावर, मातीचा नवा थर द्यायची रीत. जुना काढायचं कोण मनात आणतंय? प्रयागबाईचं माळवद कधी गळलं नाही म्हणून वाडी तिचं नाव घ्यायची. आता तीच माती हातभर जाड होऊन नवऱ्याच्या छातीवर टांगली होती, आणि चढवली होती तिनंच.

रतन मिस्त्रीनं घर हिंडून पाहिलं. “माती उतरवू, खांबातुळयांना तिरके टेकू देऊन लोखंडी पट्ट्या आवळू. मग घर हललं तरी पडायचं न्हाय. पण निम्म्यात भागत न्हाय, वयनी. तुळया पार पलीकडंपत्तुर एकसंध हायत.”

तिथंच घोडं अडलं. पलीकडची बाजू वाटणीनं धाकट्या दिराची, दत्तोबाची. तो माळेगावला कारखान्यात, राहायला स्लॅबच्या घरात. इकडं नुसतं कुलूप.

“माझ्या वाटणीला हात लावायचा न्हाय. आज दुरुस्ती कराल, उद्या म्हणशीला सगळं घर आमचंच.”

बाईनं हेलपाटे घातले, रडली, भांडली. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय! अन् एका दुपारी जमीन नुसती थरथरली. वरची माती गेणूच्या तोंडावर सांडली. त्याला ती पुसताही येईना.

प्रयागबाईनं तशीच एस्टी धरली. “भाऊजी, आमची बाजूबी घ्या. डोळे मिटंस्तवर राहू द्या म्हंजे झालं. पण ती माती उतरवा.”

दत्तोबा दुसऱ्याच दिवशी त्यांची बाजू नावावर करून घ्यायचा कागद घेऊन हजर! दुरुस्तीचा कागद आहे असं गेणूला सांगून त्याचा अंगठा तिनंच धरून उठवला.

माती उतरली, पट्ट्या आवळल्या. गेणू कधी नव्हे तो खुशीत आला.

“अगं, मी गेल्यावर दत्तोबा ही बाजू मागंल. देऊ नगंस बघ.”

“न्हाय देत,” म्हणाली प्रयागबाई, आणि त्याचं पांघरूण नीट करत बसली.