सहा आठवडे जपलेला घोस

आमच्या ह्यांना सगळा बाजार थंडोबा म्हणतो. एक तर धंदा फ्रिजदुरुस्तीचा, आणि वर स्वभाव तसाच. दुकानाला आग लागली असं सांगितलं तरी आधी हातातला स्क्रू पूर्ण पिळतील, मग मान वर करून विचारतील, कुठे? एकतीस वर्षं संसार केलाय, उगाच नाही बोलत. गिऱ्हाईक फोनवर बोंबलत असतं की पाच लिटर दूध नासलं, आणि हे विचारतात, दाराचं रबर शेवटचं कधी पुसलं होतं? मग त्या घरी जातात, फ्रिजच्या पाठीवर तळहात ठेवून डोळे मिटतात आणि काय बिघडलंय ते सांगतात. बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. आमच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. आमच्या फ्रिजचं दार एकाचं, कॉम्प्रेसर दुसऱ्याचा आणि मूठ कुठल्याशा कपाटाची. मी त्याला एकत्र कुटुंब म्हणते.

तर असा हा माणूस एकाच गोष्टीने कासावीस होतो, आणि ती गोष्ट म्हणजे द्राक्षं.

लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात मी मोठ्या हौसेने एक घोस बशीत ठेवून ह्यांच्यासमोर नेला. ह्यांनी घोसाला बोटही लावलं नाही. बशीत गळून पडलेले चार मणी तेवढे वेचून खाल्ले आणि बशी परत दिली. मला वाटलं, पडली गाठ चिक्कू माणसाशी. खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे दोन दिवसांनी कळलं.

हे लहान असताना ह्यांच्या घरी घोस कधी आलाच नव्हता. सासूबाई बाजार उठायच्या वेळी जायच्या आणि टोपल्यांच्या तळाला राहिलेले सुटे मणी स्वस्तात आणायच्या. माझी नणंद सहा वर्षांची असताना शाळेत बाईंनी द्राक्षं काढायला सांगितली. वन्संनी कागदाचा पुडा काढला आणि त्यात वेगवेगळे गोळे. बाईंनी फुली मारली, वर्ग खो खो हसला. रडत घरी आल्या आणि दादाला विचारलं, घोस म्हणजे काय असतं? आपल्याकडे का येत नाही?

दादा तेव्हा अकरा वर्षांचा. त्याने जागच्या जागी एक थाप मारली. म्हणाला, द्राक्ष गोड झालं की आपोआप गळतं, आंबट असतात ती घोसाला चिकटून राहतात, लोकांना अक्कल नाही म्हणून ते घोस घेतात. वन्संना पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी छाती पुढे काढून हे ज्ञान अख्ख्या वर्गाला वाटलं. पुढे स्वतः शिक्षिका झाल्या, दूरच्या गावी संसार थाटला, दोन पोरं वाढवली, आणि आजतागायत बाजारात जाऊन सुटे मणीच घेतात. पोरांनाही तेच शिकवलंय. गोड असतं ते आधी गळतं.

हे सगळं ह्यांच्या काळजाला लागून राहिलेलं. मी किती वेळा म्हटलं, अहो, एक फोन करा, थाप होती म्हणून सांगा, हसून सोडून देतील. पण नाही. "नुसतं सांगून काय?" म्हणायचे. "आधी तिच्या हातात चांगला घोस देईन. तिने खाल्ला, की सांगेन. आणि तिच्याआधी मी खाणार नाही." ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

आता गंमत अशी, की वन्संच्या शाळेला सुट्टी लागते ती द्राक्षांचा हंगाम संपल्यावर. हल्ली परदेशातून बोटीने आलेली बारा महिने मिळतात, ती घ्या म्हटलं, तर ती ह्यांना चालत नाहीत. त्यात माझा हात काय लागला, हा ह्यांचा प्रश्न. म्हणून हे हंगामातला घोस टिकवून ठेवायला बघतात. तीनदा प्रयत्न झाला. एकदा वीज गेली. एकदा पाहुण्यांची पोरं फ्रिजपर्यंत पोचली. आणि एकदा मी, कामाची बाई नाही, पाहुणी नाही, मी स्वतः, तो घोस नळाखाली स्वच्छ धुऊन ठेवला. चार दिवसांत बुरशी. त्यानंतर आठवडाभर हे माझ्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलले.

यंदा वन्संचा फोन आला. साखर वाढली आहे, डॉक्टरांनी गोड फळांवर काट मारायला सांगितलं आहे. सुट्टीत दादाकडे जाऊन येते, मग पथ्य सुरू करते, असं त्यांनी डॉक्टरांनाच बजावून ठेवलं होतं. फोन ठेवून हे कॅलेंडरावर आठवडे मोजत बसले. म्हणजे हे शेवटचं वर्ष. सुट्टीला सहा आठवडे होते आणि बाजारात द्राक्षं संपत आलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही फळवाल्या मावशीसमोर. ह्यांनी तिचा एकेक घोस उचलला. देठ हिरवं हवं, वाळकं नको. घोस उलटा धरून हळूच हलवला तर एकही मणी गळता कामा नये. मण्यांवरची पांढरट भुकटी शाबूत हवी, कारण तेच त्यांचं पांघरूण. मणी दाबला तर टणक लागला पाहिजे. उन्हं वर आली तेव्हा एक घोस पसंत पडला. हिरवागार, अंगाने घट्ट, दिसायला देखणा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मावशी म्हणाली, साहेब, चव तर बघा. ह्यांनी हात मागे घेतला. मणी तोडला की तिथे जखम होते आणि तिथूनच सडायला लागतं. बरं, मग शेजारचा बघा, एकाच पेटीतला आहे. तर म्हणाले, दुसऱ्याच्या चवीवरून ह्याची पारख कशी करणार? मावशीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बांध बाई.

घरी आल्यावर माझ्या सुखाचे दिवस संपले. फ्रिज जवळजवळ रिकामा झाला. केळी, सफरचंद, कांदा, ह्यांचा वास आणि वाफ द्राक्षांना बाधते म्हणून ती हद्दपार. घोस भोकं पाडलेल्या डब्यात, खाली कागद, वर कागद, सगळ्यात मागे, थंडाव्यात. पण गोठता कामा नये, म्हणून आत तापमापक. दार दिवसातून दोनदाच उघडायचं, सकाळी आणि संध्याकाळी, आणि काय काढायचंय ते आधी ठरवून. मी उभी राहून पाठ करायची: दही, मिरच्या, लोणी. एखादी वस्तू विसरली तर संध्याकाळपर्यंत गप्प. दूध पाण्याच्या परातीत, भाजी रोजची रोज. फ्रिजवाल्याची बायको मी, आणि बर्फ शेजारणीकडून आणत होते. सांगायची पण लाज.

मी घरी शिवणकाम करते. माझी धागे कापायची बारीक कात्री ह्यांनी जप्त केली. रोज सकाळी डबा उघडायचा, एखादा मणी मऊ पडला असेल तर देठासकट कात्रीने अलगद उडवायचा, आणि लगेच केरात. बाकीच्यांना हात नाही. मी म्हटलं, निदान तो मऊ तरी चाखून बघा. तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवघरातली वस्तू मागितली.

चौथ्या आठवड्यात दुपारची वीज गेली. हे दुकान उघडं टाकून धावत आले. एकतीस वर्षांत मी ह्यांना धावताना पहिल्यांदा पाहिलं. ह्यांनी हिवाळ्यातल्या दोन्ही गोधड्या फ्रिजभोवती गुंडाळल्या, वरून दोरी बांधली आणि शेजारी स्टूल टाकून बसून राहिले. समोरच्या काकू डोकावल्या आणि विचारलं, ताप आलाय का ह्याला? हे गंभीरपणे म्हणाले, येऊ नये म्हणूनच. साडेतीन तासांनी वीज आली. तोपर्यंत मला हसू येत होतं. मग ह्यांचा हात फ्रिजच्या पाठीवर तसाच ठेवलेला दिसला, आणि माझं हसू गेलं. ह्यांच्यासारख्या माणसाने इतकं घाबरावं, मला फार वाईट वाटलं.

वन्सं आल्या त्या दिवशी ह्यांनी त्यांना धड हातपायही धुऊ दिले नाहीत. खुर्चीत बसवलं आणि डबा आणला. कागद बाजूला केला. खरं सांगते, सहा आठवड्यांनी तो घोस जसाच्या तसा होता. चार-पाच ठिकाणी कात्री लागलेली, देठ जरासं काळवंडलेलं, बाकी मणी न् मणी टपोरा. ह्यांनी तो माझ्याकडून धुऊन घेतला, ह्या खेपेला परवानगीने, आणि बशीत घालून दोन्ही हातांनी वन्संसमोर धरला.

वन्संनी वाकून बघितलं आणि बशीत गळलेला एकच मणी होता तो उचलला.

"तो नको," हे म्हणाले. "घोसातला तोड."

वन्संनी गळलेला परत बशीत ठेवला, घोसातला मणी तोडला, तोंडात टाकला. चावल्या. एक डोळा जरा बारीक झाला. मग म्हणाल्या, छान आहे. शिक्षिका पहिल्या बाकावरच्या मठ्ठ पोराला म्हणते ना, तसंच. दुसरा काही घेतला नाही.

ह्यांना ते दिसलंच नाही. हे मुळी घोसाकडेच बघत होते. एवढा धीर गोळा करून आलेले, आता थांबतात कसले. म्हणाले, "मी तुला तेव्हा खोटं सांगितलं होतं. गोड ती गळतात, असं काही नसतं. आपल्याकडे तेवढे पैसे नव्हते, म्हणून सुटे मणी यायचे. तू जन्मभर तेच घेत राहिलीस, पोरांनाही तेच दिलंस. माझ्यामुळे."

मी पदर तोंडाला लावला.

वन्सं शांतपणे म्हणाल्या, "दादा, मला आठवीतच कळलं होतं. मैत्रिणीकडे घोस खाल्ला होता मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतका जीव तोडून सांगितलं होतंस. तुला वाईट वाटलं असतं. आणि पुढे सवयच झाली."

म्हणजे बघा. भाऊ पन्नास वर्षं खोटं लपवतोय, बहीण जवळजवळ तितकीच वर्षं ते पकडल्याचं लपवतेय, आणि ह्या दोघांच्या मध्ये बिनफ्रिजची मी. मला हसावं की रडावं कळेना.

मग वन्संनी एक मणी तोडला आणि ह्यांच्या तोंडासमोर धरला. म्हणाल्या, आता तू खा. मी खाल्ल्याशिवाय खाणार नव्हतास ना? वहिनींनी मला कधीच सांगितलंय. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

साठीला आलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा घोसातलं द्राक्ष खाल्लं. चावलं मात्र, आणि डोळे गच्च मिटले, खांदे कानापर्यंत गेले, सगळं अंग शहारलं. चिंच परवडली. टिकायला हवा म्हणून सगळ्यात टणक, सगळ्यात हिरवा घोस निवडला होता ह्यांनी, आणि तोडलेलं द्राक्ष घरी काही गोड होत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? फ्रिजने त्याचं काम चोख केलं होतं. सहा आठवडे आंबटपणा जपला होता.

कितीतरी वेळाने ह्यांनी डोळे उघडले. डोळ्यांत पाणी होतं, ते कशाचं होतं कोण जाणे.

वन्संनी बशीतला तो गळलेला मणी उचलला, तोंडात टाकला, आणि सावकाश खाल्ला.

"हा गोड आहे," त्या म्हणाल्या. "मग तू खोटं कुठे बोलला होतास?"