चंद्रीने रोडगे खाल्ले तेव्हा

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं आणि आमच्या गाईनं कधी धान्य खाल्लं नव्हतं. दोन्हींचं कारण एकच: परवडत नव्हतं.

धामणगाव रेल्वेपासून थोडं आत आमचं गाव. घरातली ज्वारी संपत आली की माय कण्या शिजवायची. तिथं गाईच्या वाट्याला दाणा कुठून येणार? चंद्री तुरीचं कुटार, कडबा आणि बांधावरचं गवत खायची. (मीही बांधावरचंच खायचे, फक्त फोडणी देऊन.) तरी ती दूध द्यायची. त्याच दुधावर माझी अकोल्याची मेस चालली आणि मी कृषी पदवीधर झाले. हे मी कुठंही, कुणालाही, विचारलं नसलं तरी सांगते.

निकाल लागला आणि मायनं मारोतीला बोललेला नवस बाहेर काढला. रोडगे! कणकेचे थरावर थर दिलेले जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. एक खाल्ला की माणूस संध्याकाळपर्यंत हलत नाही. सगळ्या गावाला आमच्या वावरात जेवण सांगितलं.

मी म्हटलं, "माय, जिच्या दुधावर मी शिकली, तिचा बी सत्कार झाला पायजे. चंद्रीले पंगतीपाशी बांधू."

बाबा म्हणाले, "काऊन व? गाय काय भाषण देनार हाय का?"

"नाई. भाषण मी देनार हाय."

बाबांचा चेहरा तेव्हाच पडला होता, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही.

चंद्रीला आंघोळ घातली, शिंगं रंगवली, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि पंगतीच्या मागच्या बाजूला बाभळीला बांधली. मी समोर माईक धरून, भाषणाच्या कागदात डोळे खुपसून उभी राहिले. विषय माझाच: गाईला चारा की धान्य? "गाईचं पोट आपल्यासारखं नसतं!" मी गरजले. "तिच्या पोटातले जिवाणू चारा सावकाश पचवतात. सवय नसताना एकदम भरपूर धान्य पडलं की आत आम्ल तयार होतं. गाय मरू शकते!"

पुढच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्यांनी वाजवल्या नाहीत. त्यांचे हात गुंतलेले होते.

आमच्याकडं जेवायच्या आधी गाईला घास द्यायची रीत आहे. एरवी तो घरचा एकच माणूस देतो. पण आज हारबीर घातलेली सत्कारमूर्ती खुद्द पंगतीला हजर! शिवाय माझं भाषण संपेपर्यंत जेवण सुरू होणार नव्हतं. मग बसून करायचं काय? एकेक जण उठायचा, चंद्रीच्या तोंडात रोडगा द्यायचा, हात जोडायचा आणि पुण्य पदरात पाडून परत बसायचा. मी भाषण जेवढं लांबवत गेले, तेवढं गावाचं पुण्य वाढत गेलं.

भाषण संपवून मान वर केली तर चंद्रीच्या गळ्यातला हारही गायब. तोंडी लावायला!

जेवणं उरकली तेव्हा बाबांची हाक आली, "पोरी, इकडं ये. हे रवंथ नाई करून राहिली."

चंद्रीची डावी कूस ढोलासारखी तट्ट फुगली होती. ती दात खात होती, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडं बघत होती. बघता बघता तिनं पुढचे गुडघे टेकले.

"कोनं काय चारलं इले?" बाबा ओरडले.

"म्या तं एकच देल्ला!" शेजारचे शामकाका म्हणाले.

"मी बी एकच!"

"आमच्या घरचा बी एकच, बाप्पा!"

सगळं गाव एकेकच म्हणत होतं. बेरीज चंद्रीच्या पोटात होती.

"आता कर ना इलाज!" शेंदूरजनाघाटहून आलेला मामा माझ्याकडं वळला. "डॉक्टरच झाली ना तू?"

"मामा, मी शेतीचं शिकली. जनावराची डॉक्टर नाई!"

"मंग एवढा वेळ जनावराच्या पोटावर काय बोलून राहिली होती?"

बाबा खाली बसले, चंद्रीच्या कपाळावर हात ठेवून हळू म्हणाले, "हे गेली तं दुसरी घेनं होत नाई आपल्याच्यानं. तुह्या भावाचं शिक्षन कशावर करू?"

मी फोन आणायला धावले.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दूर जंगलात, सेमाडोहला शिबिरात, रेंज येईना. मी विहिरीच्या काठावर चढले, नव्या साडीचा ओचा खोचून फोन आभाळाकडं धरला. शेवटी लागला.

"काय खाल्लं?"

"रोडगे."

"किती?"

"गावभर!"

"खायचा सोडा पाण्यात कालवून पाजा. हळू पाजा, ठसका लागू देऊ नका. उठवून चालवा. धान्य, गूळ काहीही नको. निघालोच मी!"

सोडा आचाऱ्याकडं सापडला. परत येते तर शामकाका गुळाचा खडा घेऊन उभे! "अशक्तपना आला तिले."

"काका, मांगं व्हा! गूळ देल्ला तं मरन ते!"

बाबांनी तोंड धरलं, मी बाटली. मामानं आणि चौघांनी तिला उचलून उभं केलं. मग आम्ही वावराला फेऱ्या घालू लागलो: पुढं चंद्री, बाजूला तिची कूस चोळत मी, मागं अख्खी पंगत. दोनदा तिचे पाय लटपटले. दोन्ही वेळा बाबांनी डोळे मिटले.

आणि बोरीच्या झाडाजवळ चंद्री थांबली, मान लांब केली आणि थेट माझ्या तोंडावर अशी ढेकर दिली की माझी टिकली उडाली!

टाळ्यांचा कडकडाट झाला. या वेळी मागच्यांनीसुद्धा वाजवल्या.

दिवस मावळायच्या सुमारास डॉक्टर आले. त्यांनी नळी घातली, इंजेक्शनं दिली आणि म्हणाले, "वाचली. आता नुसता वाळला चारा." चंद्री हळूहळू कडब्यावर सावरली, पुन्हा दूध द्यायला लागली आणि धाकटा भाऊ कॉलेजात गेला.

गावातही माझ्या शिक्षणानं एक कायमचा बदल घडवला. पंगतीला गाय अजूनही आणतात. मला माईक देत नाहीत.