मुंबईची लाईन

त्या वर्षी मी देवीशी बोलणं सोडलं होतं. कॉलेजसाठी मी सातपूरला काकांकडे राहत होते. वडील मी लहान असतानाच गेलेले, आई सिन्नरजवळच्या गावी एकटी. काकूचा धाकटा भाऊ कारखान्यात लागला, त्याच घरात राहायला आला, आणि घरात कुणी नसलं की माझ्या अंगचटीला येऊ लागला. धीर करून काकूला सांगितलं, तर तिने माझ्याच मुस्कटात मारली. "ज्या ताटात खातेस त्यातच घाण करतेस?" लहानपणापासून मी सप्तशृंगीला आईच म्हणत आले होते, पण जिन्यावर त्याची पावलं वाजली की तिचं नावही तोंडातून निघेना.

हळूहळू जगण्यावरून मनच उडालं. जेवण जाईना, पुस्तकातली अक्षरं दिसेनात. आपण नसलो तर सगळेच सुटतील, असं वाटू लागलं. अशात एका वर्तमानपत्रात वाचलं, की मुंबईत काही माणसं अडचणीतल्या तरुण मुलामुलींचं टेलिफोनवर ऐकून घेतात, नावसुद्धा विचारत नाहीत. नाशकात तेव्हा तसलं काही नव्हतं. एका दुपारी कॉलेज बुडवून मी तारघरात गेले, मुंबईचा ट्रंक कॉल लावायला दिला आणि बाकावर बसून राहिले. मनात श्रद्धा वगैरे काही नव्हती. नुसता थकवा होता.

बऱ्याच वेळाने मला केबिनमध्ये बोलावलं. फोनवर ऑपरेटर बाई होत्या. "मुंबईची लाईन मिळत नाही. थांबता, की रद्द करू?"

मला रडू फुटलं.

"कुणी गेलं का घरातलं?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. ट्रंक कॉल बहुधा तसल्याच बातमीचे असायचे.

"नाही. पेपरात नंबर होता. ते ऐकून घेतात म्हणे."

त्या म्हणाल्या, "लाईन मिळेपर्यंत मला सांग. मी ऐकतेय, बाळ."

मी सांगितलं. जे काकूला अर्धवट सांगितलं होतं ते सगळं, आणि जे कुणालाच बोलले नव्हते तेही. मध्येच त्या दुसऱ्या कुणाची लाईन जोडून द्यायच्या आणि परत यायच्या. "हं, बोल." एकदाही त्यांनी 'खरंच का' असं विचारलं नाही. शेवटी म्हणाल्या, "त्या घरी आज जायचं नाही. बाकावरून हलू नकोस. ड्युटी सुटली की मी येते."

आल्या त्या जाडा चष्मा लावलेल्या, थकलेल्या बाई. नाव मालतीबाई, हे मला सिन्नरच्या एस.टी.त कळलं. वाटभर त्यांनी माझा हात धरून ठेवला.

गावी आईसमोर माझी मान वर होईना. मालतीबाईंनीच सांगितलं. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. मग उठली आणि मला पोटाशी घेतलं. "माझी लेक खोटं नाय बोलत," एवढंच म्हणाली. आणि रडू लागली.

पुढे सगळं चांगलं झालं असं नाही. काकांनी आमच्याशी संबंध तोडले. त्या माणसाचं काहीच वाकडं झालं नाही. माझं एक वर्ष गेलं, आणि भीती तर कितीतरी वर्षं अंगात राहिली. पण मी जिवंत राहिले. मालतीबाईंनी नंतर मुलींच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली, तिथून मी शिक्षण पुरं केलं.

शरण जाणं म्हणजे मुकाट्याने सोसणं, असं मला घरी शिकवलं होतं. त्या केबिनमध्ये मी सोसणं टाकून दिलं, माझं सगळं ओझं एका अनोळखी आवाजाच्या हवाली केलं, आणि ते कुणीतरी झेललं. याला कृपा म्हणावं की योगायोग, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मालतीबाई आता नाहीत. नवरात्रात देवीची ओटी भरताना आधी त्यांचंच नाव ओठांवर येतं. देवीला त्याचा राग येत असेल, असं मला वाटत नाही.