बारा जिनांचे शेठ

आमच्या घराण्यात शेठ एकच होऊन गेला, तो म्हणजे मी. नातवंडं हसतात, पण खोटं नाही. माझ्यासोबत गुलाम नबी मिस्त्रीही शेठ झाला होता. खरी गोष्ट त्याचीच आहे. मी आपला मधेमधे शिरतो.

गुलाम नबी मूळचा फुलसावंगीचा. ढाणकीच्या अलीकडं आमच्या गावात फुलचंद शेठची जिनिंग होती. कापसातली सरकी काढणारे तिथले सगळे जिन एका इंजिनवर चालायचे, आणि ते इंजिन गुलाम नबीच्या हाती. मी मापारी, म्हणजे कापूस तोलणारा. उकंडा दारावर चौकीदार. इंजिन जरा खोकलं की गुलाम नबी जेवण टाकून धावायचा. त्याची बायको हुस्नाबी म्हणायची, "माह्या खोकल्याले कधी उठला नाई हा मानूस!"

तिचे गुडघेही गेले होते. सगळ्या गावाचं पाणी नाल्यावरून यायचं, आणि चढ असा की रिकामा माणूस धापा टाकी.

सन बासष्टच्या सुमारास पंचायतीनं पाण्याच्या टाकीसाठी सरकारकडून कर्ज काढलं. जिनिंगच्या करातून फेडू, हा सरपंच भगवानरावांचा हिशेब. शेठचा हिशेब वेगळा. बारा जिनांपर्यंतच्या लहान कारखान्याला पंचायतीचा कर माफ होता आणि शेठकडे होते छत्तीस. त्यानं मधे टिनाच्या दोन भिंती घातल्या, बाहेर तीन पाट्या लावल्या, झाले तीन लहान कारखाने! इंजिन मात्र एकच. त्याचा लोखंडी दांडा भिंतींच्या भोकांतून तिन्ही कारखान्यांत फिरायचा.

आता तीन मालक पाहिजेत. शेठनं आम्हा तिघांना बोलावलं.

"आजपासून तुम्ही मालक. पगार तोच."

उकंडा म्हणाला, "मालकाले पगार असते काय, शेठजी?"

"तुले हाय. कर अंगठा."

मी काय केलं? ढाणकीला जाऊन कोट शिवला. दर्जी म्हणाला, "लगन हाय काय?" म्हटलं, "कारखाना हाय." चैत्राच्या उन्हात तो कोट घालून मी कापूस तोलायचो. रुई अशी चिकटायची की शेठ कमी, मेंढरू जास्त दिसायचो.

इकडं कर बुडाला, तसा कर्जाचा हप्ता थकला. हप्ता थकला, तसे सरकारनं पुढचे पैसे रोखले. टाकीचे चार खांब उभे, वर टाकीच नाही. कावळ्यांची तेवढी सोय झाली. शेवटी भगवानरावांनी ग्रामसभेत सांगितलं, हप्ता फेडायला घरटी पाणीपट्टी बसवावी लागेल.

हुस्नाबी बायकांतून कडाडली, "नाला आमचा, घागर आमची, गुडघे आमचे. पट्टी कायची?"

"मंग कर्ज कोन फेडन, भाभी?" भगवानराव म्हणाले.

सगळ्यांनी शेठकडं पाहिलं. शेठ खुर्चीतून म्हणाला, "माझा एकही कारखाना नाही. मालक ते तिघं बसले."

हुस्नाबी नवऱ्याला म्हणाली, "पाहून काय राह्यले, शेठ? भरा पट्टी!"

गुलाम नबी उठला. हात पायजम्याला पुसले. "शेठजी, बारा जिनांचा मालक मी हाय ना?"

नाही म्हणावं तर टिनाच्या भिंती पडतात. शेठ पुटपुटला, "हाय."

"मंग सरपंचसाहेब, मले माफी नको. माहा कर लिहा, अन् कारखान्याच्या गल्ल्यातून घ्या."

माझ्या पायाला तेव्हाच मुंग्या आल्या होत्या. झटकायला म्हणून उभा राहिलो, तर टाळ्याच! "बळीरामशेठनंबी माफी सोडली!" आता बसावं कसं? अंगात कोट होता. उकंडाला वाटलं सभा संपली, म्हणून तोही उठला.

बाहेर येताच शेठ तडकला, "उद्यापासून तिघंही येऊ नका."

"मालकाले कोन काढते, शेठजी?" गुलाम नबी म्हणाला. "पहिले पाट्या काढा."

काढल्या. कर भरायचाच तर तीन मालक कायले पोसायचे? टिनाच्या भिंतीही गेल्या, पूर्ण कर लागला. आम्हाला मात्र ठेवावं लागलं, कारण दुसऱ्या कोणाचंच ते इंजिन ऐकेना, आणि गुलाम नबी आमच्याशिवाय यायला तयार नव्हता.

वर्षभरात खांबांवर टाकी बसली. नळ आला त्या दिवशी हुस्नाबी घागर भरताना नवऱ्याला म्हणाली, "शेठ होते तवा बरे दिसत होते."

मला असं कोणी म्हटलं नाही. कोटाची तर माझ्या बायकोनं, मथुराबाईनं, चुंबळ केली. पण नळाची पहिली घागर त्या चुंबळीवरूनच आमच्या घरी आली. तेव्हा माझं शेठपण अगदीच वाया गेलं, असं म्हणता येत नाही.