गौरीच्या अंगावरचे जीव

त्या चैत्रात देवावरचा माझा विश्वास पार डळमळला होता. मोठा दुष्काळ सरल्यावर घेतलेली आमची संकरित गाय, गौरी, पहिल्यांदाच गाभण होती आणि दावणीला मान टाकून बसली होती. तिच्या दुधावर घर पुन्हा उभं राहायचं होतं. अंगात सणसणून ताप, लघवी कोऱ्या चहासारखी लाल. उन्हाळी लागली असं समजून आम्ही ताक पाजलं, अंगावर ओली पोती टाकली, पण ताप हटेना. नदीकाठच्या महादेवाला मी रोज पाणी घालत होते आणि परतताना मनात म्हणत होते, तुला ऐकूच येत नाही वाटतं.

सासूबाईंची श्रद्धा मात्र तसूभरही हलली नाही. त्या माळकरी. गौरीच्या कानामागचे, कासेजवळचे गोचीड त्या रोज वेचत, पण चिरडत नसत. पदरात घेऊन गोठ्याच्या भिंतीपाशी अलगद सोडून देत. सगळ्या इनामगावाला त्यांच्या दयेचं कौतुक होतं.

तेव्हा गावाबाहेरचं पांढरीचं टेकाड खणायचं काम चालू होतं. फार जुन्या काळच्या माणसांची भांडी, गुरांची हाडं तिथं निघत. ती हाडं बघायला शिरूरहून गुरांचे एक डॉक्टर रजेच्या दिवशी मोटारसायकलवर आले आणि उन्हानं कासावीस होऊन नेमके आमच्याच दारात पाणी मागायला थांबले. तांब्या हातात असतानाच त्यांची नजर गोठ्यातल्या लाल डागावर गेली. पाणी तसंच ठेवून ते आत शिरले. गौरीची पापणी उलटून पाहिली, तर पांढरीफटक. गाडीला अडकवलेल्या पिशवीतून काचेची पट्टी काढली, कानाच्या टोकाला टोचून रक्ताचा थेंब तिच्यावर पसरला. गोचिडाचा ताप वाटतोय, पण रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय औषध देणार नाही म्हणाले आणि हाडं न बघताच शिरूरला माघारी गेले. ते परत येतील असं मला खरंच वाटलं नव्हतं. दिवस कलायच्या आत इंजेक्शन घेऊन हजर. रक्तात जंतू सापडले होते, गोचिडांनी सोडलेले.

गौरीची लघवी निवळली, तिनं कडब्याला तोंड लावलं. डॉक्टर पुन्हा बघायला आले, तेव्हा सासूबाई भिंतीपाशी गोचीड सोडत होत्या. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. शेजारी उकिडवे बसले आणि सांगू लागले, की भिंतीच्या फटीत एकेक मादी ढीगभर अंडी घालते आणि पिल्लं गौरीच्याच अंगावर चढतात. फटी लिंपून घ्या, वेचलेले गोचीड रॉकेलच्या डब्यात टाका.

सासूबाईंनी गळ्यातल्या माळेला हात लावला. "माळ घातलीया मी. जीव कसा मारू?"

"आजी, आम्ही बुद्धाची माणसं. जीव मारणार न्हाई, हे मीबी रोज म्हणतो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "पन ह्या गोठ्यात एक तर हे ऱ्हातील, न्हाईतर गौरी आन् तिचं वासरू."

सासूबाई उठून देवघरात गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या रॉकेलचा डबा घेऊनच. मी करते म्हणून मी हात पुढं केला.

"तू नगं. देवाला सांगून आलेय, आजवरचं माझं पुण्य तू घे, गाय तेवढी ऱ्हाऊ दे."

गौरी सुखरूप व्याली. त्या तहानलेल्या माणसाला आमच्याच दारी कुणी आणलं, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. मनातल्या मनात हात जोडते. शरण जायचं म्हणजे आपलं मागणं देवापुढं ठेवायचं, एवढंच मला ठाऊक होतं. सासूबाईंनी जन्मभर जपलेलं पुण्यच त्याच्यापुढं ठेवलं. पुढं कित्येक वर्षं त्या गोचीड वेचत राहिल्या. डब्यात टाकताना दर वेळी विठ्ठलाचं नाव घेत. ते गौरीसाठी होतं की त्या गोचिडासाठी, हे मी कधी विचारलं नाही.